भंगारातला सिनेमा आणि आपले पाणी

मंडळी, नवीन जालन्यात उभे राहिले की दोन वाहने हटकून नजरेला पडतात. एक भंगाराचा ट्रक. मोडक्या मोटारींचे पत्रे, गंजलेले नळ, जुन्या यंत्रांचे तुकडे असा सगळा पसारा घेऊन तो औद्योगिक वसाहतीकडे जातो. तिथल्या भट्टीत ते भंगार वितळते आणि घरबांधणीची सळई होऊन बाहेर पडते. दुसरे वाहन टंचाईच्या उन्हाळ्यातले, म्हणजे पाण्याचा टँकर. तो गल्लीच्या तोंडाशी आला की घागरी, हंडे, ड्रम आणि त्यांच्या मागे लहानथोर माणसे, अशी ही रांग लागते. या दोन वाहनांची ओळख आपल्याला कुणी करून द्यायला नको.

आज मी तुम्हांला एका परदेशी चित्रपटाविषयी सांगणार आहे. गंमत अशी की इटलीतल्या लोकांनी काढलेल्या या चित्रपटात भंगार आणि पाण्याचा टँकर, हीच दोन खरी पात्रे आहेत. माणसे आहेत, पण ती या दोघांच्या मागे धावतात. चित्रपट काही थोर नाही. कमी पैशांत, घाईघाईने, दुसऱ्याचे पाहून केलेला आहे. मग त्याच्याविषयी बोलायचं कशाला? तर अशा उसन्या आणि स्वस्त चित्रपटातूनही दोन गोष्टी शिकता येतात. एक, थोडक्या साधनांत गोष्ट कशी उभी करावी. दुसरी, दुसऱ्याची गोष्ट आपली केव्हा होते आणि केव्हा होत नाही.

आधी गोष्ट ऐका. चित्रपट १९८३ सालचा. इटली आणि स्पेन या दोन देशांच्या भांडवलातून निघालेला. नावाचा मराठीत अर्थ होतो, ‘सन ३००० चे संहारक’. अणुयुद्ध होऊन गेलेले आहे. शहरे गेली, राज्ये गेली, आणि सर्वांत वाईट म्हणजे पाऊस गेला. वर्षानुवर्षे आभाळातून थेंब नाही. मूठभर माणसे एका आडोशाला वस्ती करून राहिली आहेत. थोडी झाडे त्यांनी जगवली आहेत, पण साठवलेले पाणी संपत आले आहे. लांब कुठेतरी पाणी आहे, अशी माहिती त्यांना असते. ते आणायला एक टँकर पाठवतात. वाटेत लुटारूंची टोळी आहे. तिच्या म्होरक्याचे नाव मराठीत सांगायचे तर ‘पिसाळलेला सांड’. नायकाचे नाव एलियन, म्हणजे परका, कुणाचाच नसलेला. त्याला ना वस्तीची काळजी, ना टोळीची. त्याला आपली मोटार प्यारी. त्याची गाठ वस्तीतल्या एका पोराशी पडते. या पोराचा एक हात यंत्राचा आहे. मग पाठलाग, मारामाऱ्या, मोटारींच्या टकरी, आणि सगळा धुरळा बसल्यावर शेवटी आभाळ भरून येते आणि पाऊस पडतो.

शेवट ऐकून तुम्ही हसाल. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या माणसाला हा शेवट फार ओळखीचा आहे. पण तो मनात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता ही गोष्ट आली कुठून? तर ऑस्ट्रेलियातून. तिथे जॉर्ज मिलर नावाच्या एका डॉक्टरने १९७९ साली ‘मॅड मॅक्स’ नावाचा चित्रपट काढला आणि १९८१ साली त्याचा दुसरा भाग. दुसऱ्या भागात जग मोडकळीला आले आहे आणि माणसे पेट्रोलच्या एकेका डब्यासाठी एकमेकांचे मुडदे पाडतात. हे काही हवेतून सुचलेले नव्हते. १९७३ साली अरब देशांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला आणि तेलाच्या किमती काही महिन्यांत चौपटीच्या घरात गेल्या. पंपांपुढे मोटारींच्या रांगा लागल्या. ज्यांचा सगळा संसार मोटारीवर, त्यांना धडकी भरली. त्यात अमेरिका आणि रशिया अणुबाँबचे साठे करीत होतेच. माणूस ज्याला भितो, त्याचीच गोष्ट करतो. पूर्वी भुताखेतांच्या गोष्टी होत्या, आता संपलेल्या तेलाच्या आणि फुटलेल्या बाँबच्या गोष्टी झाल्या.

‘मॅड मॅक्स’ चालला आणि इटलीतल्या निर्मात्यांचे डोळे चमकले. एखादा चित्रपट जगात चालला, की त्याच्यासारखे दहा-बारा काढायचे, ही त्यांची जुनी रीत. या लाटेला ते ‘फिलोने’ म्हणतात. शब्दाचा अर्थ खाणीतली धातूची शीर. शीर लागली की ती आटेपर्यंत खणत राहायचे, मग कुदळ उचलून दुसरीकडे. १९८२ ते १९८४ या दोन-तीन वर्षांत उद्ध्वस्त जगाचे असे कितीतरी चित्रपट इटलीतून निघाले. एन्झो कास्तेल्लारी, सेर्जो मार्तीनो, लुचो फुल्ची अशा नाणावलेल्या दिग्दर्शकांनी ते काढले. आपल्या चित्रपटाचा दिग्दर्शक जुलियानो कार्निमेओ. पण श्रेयनामावलीत त्याचे नाव दिसते ‘ज्यूल्स हॅरिसन’. नाव इंग्रजी असले की माल अमेरिकेचा वाटतो आणि परदेशात खपतो, असा तो व्यापारी हिशेब होता.

आता तुम्ही विचाराल, जगबुडीचा चित्रपट आणि तोही कमी पैशांत? जगबुडी दाखवायची म्हणजे केवढा खर्च! इथेच खरी युक्ती आहे. जगबुडी दाखवायला पैसा लागतो हे खरे. पण जगबुडी होऊन गेल्यानंतरचे जग दाखवायला फार थोडा पैसा पुरतो. हिशेब करून पाहा. माणसे बहुतेक मेलेली, म्हणून गर्दी नको. घरे पडलेली, म्हणून देखावे बांधायला नकोत. कपडे फाटके हवेत, म्हणून शिंप्याचे बिल कमी. मोटारी जुन्या आणि ठोकलेल्याच हव्यात; त्यांवर पत्र्याचे तुकडे, जाळ्या आणि अणकुचीदार सळया डकवल्या की झाली युद्धाची गाडी. आपल्या भंगारबाजारात हे सामान एका सकाळी गोळा होईल. म्हणजे गरिबी लपवायची नाही, ती गोष्टीतच घालायची.

जागेचेही तसेच. स्पेनच्या दक्षिणेला अल्मेरिया नावाचा प्रांत आहे. उघडेबोडके डोंगर, कोरड्या घळी, पाऊस जेमतेम. तिथे कॅमेरा लावला की जग संपल्यासारखे आपोआप दिसते. आवाजाची रीत तर फारच सोयीची. त्या काळी इटलीत चित्रण करताना आवाज बहुधा मुद्रित करीतच नसत. नट इटालियन, स्पॅनिश, इंग्रजी, जो तो आपापल्या भाषेत बोले. पुढे मुद्रणगृहात बसून, पडद्यावरच्या ओठांना जुळवून, हव्या त्या भाषेत संवाद भरीत. त्यामुळे वाऱ्याचा घोंघाट आडवा येत नसे, आणि एकच चित्रपट पाच देशांत पाच भाषांत विकता येई.

आणि ही जागा, ही रीत, काही १९८३ सालची नव्हे. त्याच्या आधी वीस वर्षे इटलीचे लोक याच अल्मेरियात घोड्यांवरच्या मारामाऱ्यांचे चित्रपट काढीत होते. सेर्जो लेओने याचा १९६४ सालचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ त्यांतला गाजलेला. त्यानेही आपले नाव ‘बॉब रॉबर्टसन’ असे लावले होते. ती गोष्टही उसनीच! जपानच्या अकिरा कुरोसावा यांच्या १९६१ सालच्या ‘योजिम्बो’ची. कुरोसावांच्या बाजूने तक्रार झाली आणि शेवटी भरपाई द्यावी लागली. आपला कार्निमेओसुद्धा मूळचा याच घोड्यांच्या चित्रपटांतला माणूस. १९८३ मध्ये त्याने घोडे काढले आणि मोटारी घातल्या, एवढाच काय तो फरक.

ही उसनवारी आपल्यापर्यंतही आली आहे बरं का! १९७५ सालचा ‘शोले’ कोणी पाहिला नाही? उजाड गाव, कातळाचे डोंगर, भाड्याने आणलेले दोन बंदूकबाज, आणि गावाला नाडणारा दरोडेखोर. या सगळ्यावर जपानच्या त्या कुरोसावांची आणि इटलीच्या या घोडेस्वारांची दाट सावली आहे. आणि ‘शोले’ची उसनवारी कुणी केली? तर आपल्याच महाराष्ट्रातल्या, नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावने.

मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. खडखडाट रात्रंदिवस. शुक्रवारी माग बंद, की कामगारांना करमणूक हवी. नासिर शेख नावाचा तिथला एक तरुण. त्याचे लहानसे व्हिडिओगृह होते. चित्रपट दाखवता दाखवता त्याला वाटले, आपणच एक काढावा. २००० साली त्याने ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च सुमारे ५० हजार रुपये. दरोडेखोरांना घोडे परवडेनात, म्हणून ते सायकलींवर आले. आगगाडी मिळेना, म्हणून दरोडा एस. टी. सारख्या बसवर पडला. पुढे त्याने ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढला. उंच छायाचित्रणासाठी कॅमेऱ्याचा झोका हवा होता, तो बैलगाडीपासून केला. सुपरमॅन झाला शफीक शेख नावाचा यंत्रमाग कामगार. अंगाने काडीसारखा. सगळ्या जगाचा सुपरमॅन धिप्पाड, मालेगावचा बारीक!

हसू येते ना? पण इथेच थोडे थांबू या. हा बारीक सुपरमॅन लढतो कुणाशी? अमेरिकेच्या सुपरमॅनसारखा परग्रहावरच्या राक्षसांशी नव्हे. तो लढतो तंबाखू-गुटख्याच्या व्यसनाशी, जे गल्लीगल्लीत माणसे पोखरते आहे. फैजा अहमद खान यांनी या चित्रणावर २००८ साली माहितीपट केला, त्यामुळे ही सारी खटपट जगाला दिसली. नंतर काही वर्षांतच शफीक शेख वारले. रोग होता तोंडाचा कर्करोग. ज्या राक्षसाशी पडद्यावर लढले, तो खोटा नव्हता. म्हणून मी म्हणतो, तो चित्रपट नकलेचा असला तरी त्यातला शत्रू मालेगावचा होता. उसन्या भांड्यात त्यांनी आपले दुखणे घातले, आणि तिथे ते भांडे त्यांचे झाले.

आता हीच कसोटी आपण त्या इटलीच्या चित्रपटाला लावून पाहू. त्याने ‘मॅड मॅक्स’ची गोष्ट घेतली आणि पेट्रोल काढून तिथे पाणी घातले. ही बदललेली एक वस्तू आपल्या दृष्टीने फार मोठी. पेट्रोल नसेल तर माणूस पायी चालेल. पाणी नसेल तर? तहानेला दुसरा उपाय नाही. म्हणून अल्मेरियाच्या त्या कोरड्या घळीतला टँकर पाहताना मराठवाड्यातल्या माणसाच्या घशाला जी कोरड पडेल, ती रोमच्या प्रेक्षकाला पडली नसेल.

पण पुढे काय? पाणी घातले खरे, मात्र पाण्याची माणसे घातली नाहीत. त्या चित्रपटात तहान लागली की प्रत्येक जण लुटारू होतो, आणि तारणारा असतो एक मोटारवाला मर्द. शेवटी तोही हरता हरता वाचतो, कारण पाऊस पडतो. म्हणजे माणसांनी केले काय? टकरी! हे तहानेचे खरे चित्र आहे का?

आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. १९७२ चा दुष्काळ त्यांनी पाहिलेला किंवा ऐकलेला असेल. विहिरींनी तळ दाखवला, जनावरे दावणीला मेली. पण माणसे एकमेकांवर तुटून पडली नाहीत. ती कामावर गेली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. रस्ते झाले, बांध पडले, पाझर तलाव खोदले गेले. डोक्यावर पाटी, पदराला सुकडी. त्या अनुभवातूनच पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. संकटात सापडलेल्यांनी काम मागितले आणि त्यातून हक्क उभा राहिला. ही गोष्ट कुठल्याही टकरीपेक्षा मोठी नाही का?

आणखी जवळचे सांगतो. नवीन जालन्याला पाणी मिळावे म्हणून निजामाच्या काळात घाणेवाडीचा तलाव बांधला गेला. उंचावरून उताराने, इंजिनाच्या जोराशिवाय पाणी गावाकडे यावे, अशी ती योजना. २०१२-१३ च्या दुष्काळात हा तलाव कोरडा पडला. कुंडलिकेच्या दोन्ही तीरांना, जुन्या जालन्याला काय आणि नव्या जालन्याला काय, टँकरचाच आधार उरला. तलावाच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ उघडा पडलेला. तेव्हा गावातल्या नागरिकांनी एकत्र येऊन तो गाळ काढायला घेतला, आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या रानात नेऊन टाकला. तलाव खोल झाला, रानाला माती मिळाली. जालना तालुक्यातलेच कडवंची पाहा. गेल्या शतकाच्या अखेरीस तिथल्या लोकांनी खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामे केली. चर खोदले, बांध घातले, पुढे शेततळी केली, आणि कोरडवाहू गावात द्राक्षाचे मळे उभे राहिले.

मी काही आपल्या लोकांना देव ठरवीत नाही. टँकरवर भांडणे होतात. कुणी ड्रमवर ड्रम भरतो, कुणाची घागर रिकामी राहते. ओळखीवर पाणी जाते, पैशावर जाते. विहीर कुणाची आणि पाणी कुणाला, हा तंटा गावोगाव आहे. ‘पिसाळलेला सांड’ आपल्याकडेही असतो. तो मोटारीवर लोखंडी काटे लावून येत नाही, इतकेच. पण म्हणूनच आपली गोष्ट जास्त खरी होईल. तिच्यात भांडणही येईल आणि गाळ उपसणारे हातही येतील.

आता शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. तुमच्या वर्गातली मुले आज उद्ध्वस्त जगाचे चित्रपट मोबाइलवर पाहतात. पाहू नका म्हणून ती थांबणार नाहीत. पण पाहून झाल्यावर त्यांना चार प्रश्न विचारा. या जगात कशाचा तुटवडा आहे? तो कशामुळे झाला? उरलेली वस्तू वाटायचे कुणी ठरवले? आणि ती नसताना माणसांनी मिळून काय करून पाहिले? चौथ्या प्रश्नाला अशा चित्रपटांत बहुधा उत्तर सापडत नाही. ते उत्तर मुलांनी गावात जाऊन शोधावे.

आणि जमले तर स्वतःच एक लहानसा चित्रपट करावा. पाच मिनिटांचा पुरे. शाळेतला एखादा मोबाइल चालेल. जागा एकच धरा, गावची विहीर, तलाव किंवा टँकर थांबतो तो कोपरा. ऊन डोक्यावर येण्याआधी, सकाळच्या तिरप्या उजेडात चित्रण करा. आवाजाची पंचाईत होते, तर इटलीवाल्यांची युक्ती वापरा. आधी नुसते चित्रण करा आणि बोलणे नंतर बंद खोलीत बसून भरा. मुले आपल्या बोलीत बोलू देत. ‘कुठं चाललास’ असेच म्हणू देत. सामान भंगारातले घ्या. फुटकी बादली, गंजका नळ, जुना ड्रम. ज्याचे चित्र घ्याल त्याची परवानगी आधी घ्या, आणि विहिरीच्या काठावर किंवा चालत्या टँकरपाशी कुणाही मुलाला धाडस करू देऊ नका.

नायक कोण करायचा, तेही विचारपूर्वक ठरवा. पाणी भरायला घरातून बहुतेक वेळा कोण निघते? आई निघते, बहीण निघते. शाळेची पहिली घंटा होते तेव्हा एखादी मुलगी अजून रांगेतच असते. हजेरीपुस्तकात तिच्या नावापुढे गैरहजेरी पडते, आणि कारणाचा रकाना त्यात नसतो. तिला नायिका करा. काटे लावलेल्या मोटारीपेक्षा डोक्यावरच्या हंड्याला तोल जास्त लागतो.

राहिला शेवट. इटलीच्या चित्रपटात पाऊस पडला आणि गोष्ट संपली. आपल्याकडे पाऊस पडतो तेव्हा गोष्ट सुरू होते. पडलेले पाणी अडले का, मुरले का, वाटले गेले का, हे पुढचे सगळे माणसांच्या हातचे. म्हणून तुमच्या चित्रपटाचा शेवट पावसावर करू नका. पावसानंतरच्या सकाळी बांधावर जाऊन कॅमेरा लावा, आणि पाणी कुठे थांबले आहे आणि कुठे वाहून चालले आहे, तेवढे दाखवा. पुढचे गाव पाहून घेईल.